चित्राची गोष्ट मी उलटी सांगितली

लायब्ररी चालवणाऱ्या बाईनं सगळी पुस्तकं वाचलेली असतात, असा लोकांचा एक गोड गैरसमज असतो. मी तो वीसएक वर्षं मोडला नाही. कुणी विचारलं, "काकू, हे कसं आहे हो?" की मी पुस्तक हातात घेऊन जरा तोलल्यासारखं करायची आणि म्हणायची, "शेवटी रडवतं." बायका लगेच न्यायच्या. चुकून शेवटी हसवणारं निघालं तर म्हणायच्या, "काकू, मी तर हसता हसता रडले." म्हणजे माझं खरंच.

मी सातवी पास. पुढचं सगळं शिक्षण वाण्याच्या पुड्यांवर आणि नंतर स्वतःच्याच मांडण्यांपुढे उभं राहून झालेलं. नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही वाशीला राहायला आलो, तळमजल्याचं घर मिळालं. आमचे हे कारखान्यांच्या पट्टीतल्या एका केमिकल कंपनीत पाळीवर जायचे. मी पुढची गॅलरी बंद करून घेतली, सुताराकडून तीन मांडण्या ठोकून घेतल्या, एक बाक टाकलं. हे म्हणाले, "लोकांना नळाला पाणी नाही वेळेवर, आणि तू पुस्तकं वाटायला निघालीस!" म्हटलं, पाणी येईपर्यंत माणसांनी करायचं काय?

आता धंद्याचं थोडं सांगते, कारण बाहेरच्याला वाटतं त्यात काय आहे, पुस्तक द्यायचं आणि घ्यायचं. नवं पुस्तक आलं की पहिल्यांदा त्याला तपकिरी कागदाचं कव्हर, त्यावर नंबर, आत शिक्का. कव्हर पुस्तक टिकावं म्हणून घालतात, हे निम्मंच खरं. निम्मं माणसाची अब्रू टिकावी म्हणून. तपकिरी कागदात पोथीही तशीच दिसते आणि प्रेमाची कादंबरीही तशीच. एक निवृत्त हेडमास्तर होते आमच्या सेक्टरात. दर बुधवारी एक प्रेमाची कादंबरी न्यायचे, वर म्हणायचे, "मिसेसना लागते." त्यांच्या मिसेस शुक्रवारी यायच्या, खुनाच्या गोष्टी न्यायच्या आणि सांगायच्या, "आमच्या ह्यांना गीतेशिवाय काही लागत नाही." मी दोघांनाही म्हणायची, "हो, ते दिसतंच." लायब्ररीवाल्या बाईला डोळे पाहिजेत आणि तोंड कमी पाहिजे. माझं तोंड जन्मापासून जास्त, पण ह्या बाबतीत मी ते आवरलं. एकदाच नाही आवरलं. तेच सांगायला बसलेय.

आणि एक, खुणा. एवढी पुस्तकं वाचल्यावर कुठलं वाचलंय आणि कुठलं नाही हे माणूस विसरतो. म्हणून प्रत्येक जण एका ठरलेल्या पानावर स्वतःची बारीक खूण करून ठेवतो. कुणाची फुली, कुणाचं चांदणं, हेडमास्तरांचं अगदी नीट स्वस्तिक. मी ओरडायची, पुस्तकं खराब करू नका म्हणून, पण मनातून मला त्या आवडायच्या. दुपारी कुणी नसलं की मी खुणा वाचायची. पुस्तकापेक्षा जास्त कळायचं.

तर ती जपानी पुस्तकं. आता नातवंडं त्याला मांगा म्हणतात, भिंतीवर चित्रं लावतात. तेव्हा वाशीत ते नाव कुणाला माहीत नव्हतं. आमच्या मागच्या बिल्डिंगमधल्या एका साहेबांना कंपनीनं दोन वर्षं जपानला धाडलं होतं, बायकामुलांसकट. परत आले आणि सहा महिन्यांत पुण्याला बदली. त्यांच्या मुलीची पुस्तकांची पेटी माझ्या दारात ठेवून गेले. उघडली तर आत हातभर चित्रांची पुस्तकं. टपोऱ्या डोळ्यांच्या पोरी, उडणारे केस, भुरभुरणारी फुलं, आणि बोलण्याचे फुगे जपानी अक्षरांनी भरलेले. मला इंग्रजी अक्षर जुळवायला दम लागतो, जपानीचं काय घेऊन बसलात!

पण टाकवेनात. चित्रं इतकी गोड. त्यातली सहा पुस्तकं एकाच मुलीची होती, तीच मुलगी, तोच मुलगा. मी ठरवलं, आपणच ह्यांना बोलायला लावायचं. कागदाच्या बारक्या चिठ्ठ्या कापल्या, एकेका चित्राकडे बघून मराठीत वाक्यं लिहिली आणि खळीनं फुग्यांवर डकवली. चार महिने खपले. मुलीचं नाव ठेवलं चित्रा, मुलाचं मोहन. वयाच्या चाळिशीत मी लेखिका झाले, आणि तीही जपानी!

गोष्ट अशी बसली. सुरुवातीला चित्राचे केस आखूड, विस्कटलेले, डोळ्यांवर जाड चष्मा, अंगात ढगळ काहीतरी. झाडाखाली मोहनबरोबर खदखदून हसत बसलेली. मग ती रडते. मग दार आपटते. मग आरशासमोर उभी राहून हसण्याची प्रॅक्टिस करते. हळूहळू केस वाढवते, चष्मा टाकते, आणि शेवटच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर लांब केसांची, रिबीन बांधलेली, कडक इस्त्रीतली चित्रा शाळेच्या फाटकातून आत येते आणि सगळी शाळा माना वळवून बघते. मोहन कुठे मागे, बारकासा. मी अर्थ लावला, की ह्या मुलानं तिला फसवलं आणि तिनं जिद्दीनं स्वतःला घडवलं. शेवटच्या फुग्यावर मी माझ्या बुद्धीचा अर्क डकवला: "जगाला हसरा चेहरा दाखवावा, घरचं घरी ठेवावं."

सेक्टरातल्या पोरींनी ती पुस्तकं अक्षरशः ओरबाडली. आया येऊन सांगायच्या, "काकू, तुमची चित्रा वाचल्यापासून आमची सकाळी वेणी घालून घेते." मी फुगले होते. का नाही फुगणार?

ह्या पोरींमध्ये एक मृणाल. पोरगी म्हणायची ती आपली मी, चांगली बावीस वर्षांची, नुकतीच बँकेत लागलेली. आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर. इतकी नेटकी मुलगी मी पाहिली नाही. ओढणीची घडी मोडायची नाही, केस मोकळे पण एकही इकडचा तिकडे नाही. दहावीपासून पहिल्या वर्गात. आमच्या सोसायटीत कुठल्याही आईनं मुलीला रागावलं की वाक्याच्या शेवटी मृणाल यायचीच. "ती मृणाल बघ!" पण पोरींना ती आवडायची नाही. म्हणायच्या, "शिष्ट आहे काकू. जिन्यात हाक मारली तर वळत नाही. नुसती थांबते आणि हसते, महाराणीसारखी."

मीही पाहिलं होतं ते. मांडणीच्या मागून काही विचारलं तर ती उत्तर द्यायची नाही. समोर आलं की मात्र तोंडाकडे एकटक बघत इतकं लक्ष देऊन ऐकायची, की आपलं बोलणं आपल्यालाच मोठं वाटावं.

तिची खूण म्हणजे पेन्सिलीचं एक टिंब. बाकीच्या पुस्तकांत एकेकच टिंब असायचं. एकदा दुपारी चित्राचं शेवटचं पुस्तक सहज उघडलं तर तिच्या पानावर अकरा टिंबं. अकरा वेळा नेलं होतं तिनं. मला वाटलं, बघा, परफेक्ट मुलीला परफेक्ट मुलीचीच गोष्ट आवडते.

तेवढ्यात तिचं स्थळ जमत आलं. मुलगा नितीन, ऐरोलीचा, इंजिनियर, घरचे साधे. पाहणं झालं, पसंती झाली, साखरपुडा पंधरा दिवसांवर. तिची आई सुलभाताई पेढ्यांआधीच बातमी घेऊन आल्या. "काकू, दोनदा फिरायला गेले दोघं. त्यांच्याकडचे म्हणाले, मुलीत नाव ठेवायला जागा नाही." हे सांगताना सुलभाताईंचा चेहरा आनंदी दिसायच्या ऐवजी परीक्षा दिल्यासारखा दिसला. माझ्या तेव्हा ध्यानात आलं, पण अर्थ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मृणाल आली. पुस्तकं चाळत उभी राहिली आणि एकदम म्हणाली, "काकू, चित्रानं मोहनला तिचं सगळं आधीच सांगून टाकलं असतं तर?"

"सगळं म्हणजे?"

"म्हणजे... चष्मा, घरी ती कशी असते, घाबरते, ते."

मी हसले. "मग गोष्ट कुठली उरली बाळा? दाखवायचं ते दाखवावं, झाकायचं ते झाकावं. लग्न झाल्यावर कळतंच की सगळं. आमच्या ह्यांचं घोरणं मला कुणी आधी सांगितलं होतं?"

ती हसली. अगदी शेवटच्या पानावरच्या चित्रासारखी. "खरंय," म्हणाली आणि पुस्तक घेऊन गेली. हेच ते माझं तोंड, जे त्या दिवशी आवरायला हवं होतं.

त्याच आठवड्यात हिराबाय आली. हिराबाय इथलीच, तळवली गावची. शहर वसवताना जमिनी गेल्या, मुलगा दुकानदार झाला. शेजारच्या गाळ्यात त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं. त्याच्याकडे आली की माझ्या बाकावर टेकायची. वाचता येत नव्हतं, पण चित्रं बघायची हौस. अंगठा लावेल तिथून पुस्तक उघडायची. त्या दिवशी तिनं चित्राची पुस्तकं मांडीवर घेतली आणि शेवटच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानापासून सुरू झाली. मृणाल तेव्हा समोरच उभी होती, पुस्तक परत करायला आलेली.

हिराबाय मोठ्यानं गोष्ट लावत होती. "बघ, ही पोर पयली कवरी तोऱ्यान हाय! डोले बघ केवढे! मंग घरान जाऊन आरशाम्होरं रडते. मंग तो पोऱ्या येतो. मंग ती आनखी रडते. आनि आता बघ, चष्मा लावून कशी हसते! बरा झाला गो बाय तुझा."

मी म्हटलं, "अगं हिराबाय, उलटं बघतेस तू. तिकडून सुरुवात आहे."

"मना काय वाचता येते? मी आपला तोंडावरून सांगते."

"तोंडावरून कधी गोष्ट कळते का?"

"तुमाला नसंल कलत," हिराबाय म्हणाली आणि पुस्तक मिटून पदरानं पुसलं. मी खूप हसले. मृणाल हसली नाही. ती हिराबायच्या अंगठ्याकडे बघत होती. तिनं सहाच्या सहा पुस्तकं मागितली आणि घेऊन गेली.

तीन दिवसांनी दुपारी आली. लायब्ररीत कुणी नव्हतं. पुस्तकं टेबलावर ठेवली, उघडली आणि म्हणाली, "काकू, हिराबायचं बरोबर आहे. ही पुस्तकं उजवीकडून सुरू होतात. आपण उलटी वाचली."

"काहीतरीच काय?"

"हे बघा. चित्राच्या बोटाला इथे पट्टी आहे. तुमच्या हिशेबानं पुढच्या पानावर बोट कापतं. आधी पट्टी, मग सुरी?"

मी म्हटलं, "मी लिहिलंय की तिथे. 'जुनी जखम पुन्हा उघडली.'"

"आणि हा डबा? आधी रिकामा, मग अर्धा, मग भरलेला?"

तिथे मी मोहनच्या तोंडी घातलं होतं, "अजून वाढ की!" त्याचा मला फार अभिमान होता.

मी चिडले. हो, चिडले, लपवण्यात अर्थ नाही. चार महिन्यांची मेहनत, सेक्टरभर नाव झालेलं, आणि ही कालची मुलगी पट्ट्या आणि डबे दाखवते! म्हटलं, "एवढं जपानी येतंय तर तूच लिहायचं होतंस."

तिनं पुस्तकं माझ्याकडे सरकवली. मी रागारागानं पहिलं पुस्तक, म्हणजे माझं शेवटचं, उचललं आणि तिला खोटं पाडायला उजवीकडून एकेक करत सहाही बघत गेले. चौकटीसुद्धा उजवीकडून. अर्धा तास लागला असेल. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि माझा राग कुठे गेला ते कळलं नाही. सगळी शाळा जिच्याकडे बघते ती मुलगी घरी येऊन आरशासमोर हसायची प्रॅक्टिस करते, कारण तिला भीती वाटते. एकटीच डबा खाते, कारण तोंडाला काही लागलेलं कुणी बघेल. मोहन तिला चुकून चष्म्यात बघतो, ती दार आपटते, रडते. मग एक दिवस स्वतःचे केस कापून टाकते आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहते. शेवटी झाडाखालचं ते खदखदून हसणं. मी ज्या पानाला सुरुवात समजले होते, तिथे ती पोचली होती. आणि मी काय केलं होतं? एका हसणाऱ्या मुलीला पान पान मागे ढकलत आरशासमोर नेऊन उभं केलं होतं. वर उपदेश डकवला होता.

म्हटलं, "मृणाल, तुला कसं गं दिसलं? एवढ्या जणींनी वाचलं."

ती म्हणाली, "मला तोंडावरून कळतं, काकू. सवय आहे." मग म्हणाली, "मला एका कानानं ऐकू येत नाही. उजव्या. नववं वर्ष सरलं तेव्हा तापात गेला."

ती अगदी सरळ बसून, बँकेत व्याजाचा दर सांगावा तशी सांगत होती. एका कानानं ऐकलं की हाक आली हे कळतं, पण कुठून आली ते कळत नाही. लहानपणी ती हाकेला चुकीच्या बाजूला वळायची आणि पोरं हसायची. म्हणून तिनं वळणंच सोडलं. हाक आली की थांबायचं, हसायचं आणि हाक मारणारा समोर येईपर्यंत वाट बघायची. महाराणीसारखी! केस मोकळे ठेवायचे, उजवा कान झाकून. वर्गात डाव्या कानाशी बाई येतील असं बाक धरायचं. आईनं बजावलेलं, लग्न ठरेपर्यंत कुणाकडे बोलायचं नाही.

"आणि नितीन?" मी विचारलं.

"दोनदा फिरायला गेलो. तो रस्त्याच्या कडेनं मला आतल्या बाजूला घेतो. चांगल्या मनानं घेतो, पण मग त्याचं बोलणं उजव्या कानावर येतं. मला अर्धं कळतं. मी हसते. तो म्हणाला, तुझं हसणं फार शांत आहे." ती पहिल्यांदाच रडवेली झाली. "तीनदा सांगायला गेले. दर वेळी ते शेवटचं पान आठवायचं. घरचं घरी ठेवावं."

मी म्हटलं, "थांब, ती चिठ्ठी आत्ता काढते." आणि नखानं खरवडायला लागले.

"फाटेल काकू. ओलं फडकं ठेवा, खळ सुटेल." तेही तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

चार संध्याकाळी आम्ही दोघी ते काम करत बसलो. ती बँकेतून यायची, मी फडकं भिजवून ठेवलेलं असायचं. मी तिच्या डाव्या हाताला स्टूल घेऊन बसायची. जुन्या चिठ्ठ्या सोडवायच्या, नव्या लिहायच्या. वाक्यं तिनं लिहिली. माझी चित्रा भाषण करायची, तिची चित्रा थोडं बोलायची. केस कापून मोहनसमोर उभी राहते त्या पानावर एक मोठा फुगा होता. मृणालनं तिथली चिठ्ठी सगळ्यांत शेवटी लिहिली आणि मला न दाखवता डकवली.

काम संपल्यावर म्हणाली, "काकू, रविवारी तो येणार आहे. मी त्याला इथे पाठवते. त्याला ही द्या. वाचून झाल्यावर त्याला यायचं असेल तर वर येईल. नसेल तर..."

"आईला सांगितलंस?"

"नाही."

"मृणाल, साखरपुडा आठ दिवसांवर आलाय."

"म्हणूनच," ती म्हणाली.

रविवारी सकाळी नितीन आला. चपला काढून आत आला, हे मला आवडलं. बाकावर बसला. मी सहा पुस्तकं पुढे ठेवली. "मृणालनं वाचायला सांगितलीत," म्हटलं. त्यानं सगळ्यांत वरचं घेतलं आणि अर्थातच आपण सगळे उघडतो तसं डावीकडून उघडलं.

मी ठरवलं होतं, ह्या वेळी एक शब्द बोलायचा नाही. पण तो माझ्यासारखाच शेवटापासून सुरू करून मागे मागे चाललेला बघवेना. उठले, त्याच्या हातातलं पुस्तक मिटलं, फिरवलं आणि परत हातात दिलं. "इकडून," म्हटलं. "आमच्याकडून आधी चूक झाली होती. कव्हरावरचा नंबरही चुकीच्या बाजूला आहे." तेवढंच बोलले. माझ्यासाठी ते फार कमी होतं.

तो वाचत बसला. हेडमास्तर येऊन गेले, दोन बायका येऊन गेल्या, मी कुणाला काय दिलं देव जाणे. बहुतेक त्या दिवशी हेडमास्तरांना खरोखर गीता गेली. शेवटच्या पुस्तकात त्या पानावर तो थांबला. पुढचं पान उलटेना. मी मांडणी पुसायच्या निमित्तानं मागे गेले तेव्हा ती चिठ्ठी मला दिसली. मृणालचं टपोरं अक्षर: "मला एका कानानं ऐकू येत नाही. तुमचं निम्मं बोलणं मी नुसतं हसून घेतलं. ते मला परत ऐकायचं आहे."

मग त्यानं शेवटपर्यंत वाचलं. पुस्तकं एकावर एक नीट ठेवली. चेहऱ्यावरून काही कळेना. आणि तोंडावरून कळण्याबद्दल मी हिराबायला काय म्हटलं होतं ते आठवून मला माझीच लाज वाटली.

"काकू," तो म्हणाला, "कुठला कान?"

म्हटलं, "ते मी सांगायचं नाही. तिलाच विचारा."

"विचारतो. पण कुठल्या बाजूनं विचारू?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "डाव्या!" आणि मी डोळ्यांना पदर लावला. धूळ फार असते हो मांडण्यांवर.

तो चपला घालून दोन दोन पायऱ्या चढत वर गेला.

पुढचं सरळ झालं असं मात्र नाही. त्याच्या आईनं चार दिवस काढले विचार करायला, साखरपुडा महिनाभर पुढे गेला. सुलभाताई खाली आल्या त्या तरातरा. "काकू, तुम्ही पुस्तकं द्यायची. आमच्या घराची पानं उलटायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? तेरा वर्षं सांभाळलं मी. तेरा वर्षं! शाळेत, ट्यूशनला, नातेवाइकांत." त्या बोलत होत्या आणि मला दिसत होतं, की आरशासमोर उभं राहणारी मृणाल एकटी नव्हती. लेकीला कुणी हसू नये म्हणून ही बाई तेरा वर्षं तिच्या उजव्या हाताला चालली होती, भिंतीसारखी. तिच्या चुकीत माया होती. माझ्या चुकीत नुसती हौस होती. मी म्हटलं, "सुलभाताई, बसा. चहा टाकते." त्या बसल्या नाहीत. पुस्तकं मात्र लेकीच्या हातून नेत राहिल्या.

ती सहा पुस्तकं मी पुन्हा मांडणीवर ठेवली, नंबर योग्य बाजूला लावून. पण त्याआधी कितीतरी पोरी माझी उलटी गोष्ट वाचून, वेण्या घालून, हसरा चेहरा घेऊन लग्न करून गावोगाव गेल्या होत्या. त्यांना बोलावून मी कधी सांगितलं नाही की बायांनो, चूक झाली, पुन्हा वाचा. काहींचे पत्ते होते माझ्या रजिस्टरात. एक पोस्टकार्ड टाकता आलं असतं. राहून गेलं. लायब्ररी बंद केली तेव्हा बाकी सगळं दिलं, ती सहा ठेवून घेतली.

लग्न वाशीतच, हॉलमध्ये झालं. संध्याकाळी स्टेजवर दोघं उभी होती, मृणालनं केस वर बांधले होते, अंबाडा, दोन्ही कान उघडे. पंखे, माणसं, बँडवाले, कुणाला काही ऐकू येत नव्हतं. फोटोग्राफर ओरडत होता, "मॅडम, लेफ्टला! सरांच्या लेफ्टला!" नवरी नवऱ्याच्या डाव्या अंगाला, तशी पद्धत असते ना. मृणाल एकदा तिकडे गेली. नितीननं वाकून काहीतरी म्हटलं, ती नुसती हसली. ते हसणं त्यालाही आता ओळखू येत होतं. तो सरळ चालत तिच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"सर, उलटं झालं!" फोटोग्राफर म्हणाला.

खाली पहिल्या रांगेत सुलभाताई बसल्या होत्या. मी त्यांच्या मागे. फोटोग्राफर त्यांच्याकडे वळला, "आई, जरा सांगा ना त्यांना."

सुलभाताईंनी स्टेजकडे बघितलं. नितीन पुन्हा काहीतरी बोलत होता, आणि मृणाल मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून, ओढणी बिढणी विसरून हसत होती.

"असू दे," सुलभाताई म्हणाल्या. "आमच्यात असंच उभं राहतात."